दिसणारा रफू

प्रिय बाबा,

पत्र बघून तुम्ही आधी दचकला असाल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते, मी ठणठणीत आहे. ताप नाही, खोकला नाही, कुणाशी भांडण नाही. रोज संध्याकाळी फोनवर बोलणारी पोरगी एकदम पत्र का पाठवते, हा प्रश्न तुम्हाला पडणारच. त्याचं उत्तर शेवटी देणार आहे, पण मधली पानं गाळायची नाहीत. मी फोनवर काही महत्त्वाचं बोलायला लागले की तुमच्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक येतं. पत्राच्या मध्ये गिऱ्हाईक आणता येत नाही. तेव्हा चहा घ्या, बैठक मारा आणि ऐका.

आधी इथलं सांगते. माझी खोली आपल्या दुकानाच्या माळ्याएवढीच आहे, फक्त छत उंच असल्यामुळे डोकं आपटत नाही. खिडकीखाली एक लोखंडी हीटर आहे. सकाळी तो आधी खोकतो, मग कुरकुरतो आणि माझी आंघोळ उरकली की गरम होतो. त्याच्याशी माझं जमतं, कारण असा स्वभाव मी घरी बघितलेला आहे. स्वयंपाकघर सहा जणींत एक आहे. सुरुवातीचे दिवस मी आपली नाक मुठीत धरून कोपऱ्यात उभी राहायचे आणि सगळ्यांचं आटोपल्यावर माझं पातेलं चढवायचे. भाषा वर्गात समजायची, पण स्वयंपाकघरात अजिबात समजायची नाही. पुस्तकातलं बोलणारी माणसं चमच्यासाठी भांडताना निराळीच भाषा बोलतात. रविवारी तर मी भाजीवाल्या बाईंशी उगाच जास्त बोलायचे, कारण दिवसभरात तेवढाच माणसाचा आवाज कानावर पडायचा. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. तुम्ही विचारायचात, करमतं का? मी म्हणायचे, हो, फार! आपल्या घराण्यात ही कला आहेच. भोक पडलं की ते कुणाला दिसायच्या आत भरून टाकायचं.

मला इथे माणसांत आणलं ते एका स्वेटरने. शेजारच्या खोलीतल्या मुलीचा स्वेटर दाराच्या कडीत अडकून फाटला. तिच्या आजीने विणलेला होता. ती पायऱ्यांवर बसून मुसमुसत होती. मला सांत्वनाचे शब्द येईनात, म्हणून मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी परत दिला. तिने उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला, भोक कुठे होतं ते तिलाच सापडेना. झालं! जेवणाच्या वेळेपर्यंत इमारतभर बोभाटा. कुणाचे कोपर, कुणाचे मोजे, एकाने तर टोपी आणली. या कामाला काय म्हणतात असं सगळ्यांनी विचारलं. मी रफू म्हणाले, तर आता सगळी इमारत मलाच रफू म्हणते. तिकडे तुम्ही चिंधी म्हणता, इथे हे रफू. बढतीच म्हणायची. मोबदला म्हणून माझी कपडे धुवायची पाळी कुणी ना कुणी घेतं, आणि स्वयंपाकघरात मला खिडकीजवळची शेगडी मिळते.

आता अभ्यासाचं. आम्हाला शिकवणाऱ्या बाई उंच, पांढऱ्या केसांच्या आणि कमी बोलणाऱ्या आहेत. जुनी वस्त्रं सांभाळण्यात त्यांची हयात गेली. आमचा वर्ग म्हणजे संग्रहालयाच्या मागची लांबलचक खोली. मोठ्या खिडक्या, पांढरी टेबलं आणि टेबलांवर झोपवलेले कपडे. हो, झोपवलेले. त्यांना उचलायचं ते दोन्ही हातांनी, तान्ह्या मुलासारखं. शिष्यवृत्तीची अट तुम्हाला ठाऊक आहे, पहिल्या वर्षाच्या शेवटी बाईंचा अहवाल जातो, आणि तो चांगला असला तरच दुसरं वर्ष मिळतं. त्यामुळे बाई नुसत्या खोकल्या तरी मी हातातली सुई खाली ठेवायचे.

मध्यंतरी त्यांनी मला पहिल्यांदा एकटीला काम दिलं. एका पोस्टमनचा लोकरी कोट. फार जुना, गणवेशाचा, करड्या रंगाचा. डाव्या खांद्यावर तो इतका विरला होता की पलीकडचा हात दिसावा. बाईंनी सांगितलं, की खालून आधाराचं कापड लावायचं आणि वरून मोजके टाके घालायचे, बस्स. टाक्यांचा दोरा किंचित वेगळ्या छटेचा घ्यायचा. एवढं सांगून त्या कसल्याशा सभेसाठी गावाला गेल्या. बाबा, तुम्हीच विचार करा. रफूगाराच्या पोरीसमोर असा खांदा ठेवायचा आणि तिला सांगायचं, की ठिगळ लाव! माझे हात नुसते शिवशिवायला लागले. मला वाटलं, बाईंना बिचाऱ्यांना याहून चांगलं काही करता येतं हेच माहीत नसावं. आपण करून ठेवू, आल्या की खूश होतील.

मी सगळं तुमच्या पद्धतीने केलं. कोटाच्या खालच्या दुमडीतले, आत लपलेले धागे एकेक करून ओढले, म्हणजे रंग तोच, जून झालेली लोकर तीच. मग उभे धागे, मग आडवे, एक वर एक खाली, काठाकाठाने जुन्यात शिरवत. वर्गातली पोरं येऊन बघून जायची आणि नुसती माना हलवायची. मला वाटायचं कौतुक करतायत. आता कळतं, ती घाबरली होती. शेवटी ओलं फडकं ठेवून वाफ दिली, तळहाताने दाबलं, आणि खांदा नवा झाला. मीच टाळी वाजवली.

बाई आल्या. कोटासमोर उभ्या राहिल्या. खांद्यावरून बोट फिरवलं. मग इतकंच विचारलं, की हा माणूस पिशवी कुठल्या खांद्यावर घ्यायचा, ते आता कुणाला कसं कळणार? मला तोंडात मारल्यासारखं झालं. तो कोट संग्रहालयात होता तो त्या विरलेल्या खांद्यासाठीच. उभा जन्म त्या माणसाने पिशवीचा पट्टा तिथे वागवला होता, आणि मी ते सगळं दोन दिवसांत पुसून टाकलं. वर कोटाचेच धागे उपसून. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, उसवून ठेव.

आणि आता हसा. मला माझा रफू सापडेना! बाईंनी भिंग लावलं, मी भिंग लावलं, वर्गातले सगळे टेबलाभोवती वाकले. मी म्हणते इथे, दुसरा म्हणतो तिथे. बाईंनी दोन वेळा बोट ठेवलं आणि दोन्ही वेळा ते चांगल्या कापडावर होतं. शेवटी त्या खुर्चीत बसल्या आणि इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांना हसताना कुणी पूर्वी बघितलं नव्हतं. पण हसून झाल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, की हे सगळं मी अहवालात लिहिणार आहे. म्हणजे माझं दुसरं वर्ष लटकलं. त्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, अभ्यास कसा चाललाय? मी म्हणाले, एकदम मजेत. आठवतं?

शेवटी कोट उलटा करून उजेडात धरल्यावर एक टोक सापडलं, आणि उसवायचं काम सावकाश चाललं. पुढे काय होणार ते माहीत नाही आणि हातात आपणच घातलेला टाका काढायचं काम. रोज खिडकीशी बसायचे. एके दुपारी माझा काळा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकलेला होता. तोच, मी निघायच्या आधी जुन्या बाजारातून आणलेला आणि कोपरावर खिळ्याने फाटलेला. तुम्ही तो निघायच्या आदल्या दिवशी दुरुस्त करून दिलात. बाई जाता जाता थांबल्या. त्यांनी कोटाची बाही उचलली, उजेडात धरली आणि सगळ्यांना हाक मारली. म्हणाल्या, हे बघा, हे मी वर्षभर सांगतेय. काम किती नेटकं आहे, पण काळ्या कापडावर गर्द निळा दोरा. लांबून दिसत नाही, जवळून बघणाऱ्याला मात्र स्वच्छ कळतं, की इथे फाटलं होतं आणि इथे कुणीतरी सांधलं. कुणी केलं हे? मी म्हणाले, माझ्या बाबांनी. त्यांचा चेहरा फुलला. म्हणाल्या, मग तू शिकलीस ते घरी आणि विसरलीस ते इथे येऊन!

सगळे हसले. मीही हसले. मग हात धुवायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि नळ सोडून तिथेच उभी राहिले.

बाबा, तुमचा रफू आजवर कुणाला दिसलेला नाही. लहानपणी मी पैज लावायचे आणि हरायचे. गिऱ्हाइकं भांडायची, की आमचा कपडा बदललात. एका छटेचा फरक पडला म्हणून तुम्ही पुरं काम उसवून पुन्हा बसायचात आणि त्या दिवशी जेवायला हाक मारायचीही सोय नसायची. काळ्यावर निळा दोरा तुम्ही घातलात, तो तुम्हाला काळा दिसला म्हणून. तो कोट आधीच कुणीतरी आखूड केलेला, आत धागा काढायला दुमड उरली नव्हती, म्हणून तुम्ही डब्यातलं रीळ घेतलंत. आणि त्या दिवशी मी कागदपत्रांसाठी गावभर हिंडत होते. रंग विचारायला घरात कुणी नव्हतं.

तिथे नळापाशी मला एकेक आठवायला लागलं. शेवटच्या वर्षी तुम्ही मला दोन रिळं देऊन दारात उभी करायचात, सांग बघू, कुठलं जवळचं? मला वाटायचं माझी परीक्षा घेताय. मी किती ऐटीत उत्तर द्यायचे! तुमची खुर्ची आतून उंबऱ्याशी आली, हवा लागते म्हणून. काळे-निळे कपडे तुम्ही परत पाठवायला लागलात, परवडत नाही म्हणून. सकाळचा पेपर तुम्ही शेजारच्या घड्याळजी काकांना वाचायला लावायचात आणि मग प्रत्येक बातमीवर त्यांच्याशी वाद घालायचात. मला वाटायचं, तुम्हाला वादच हवा असतो. आणि इथे आल्यावर मी केस कापले, बाबा. पार मानेपर्यंत. तुम्ही रागावाल म्हणून घाबरत घाबरत व्हिडिओ लावला, तर तुम्ही म्हणालात, वेणी छान घातलीस हो. मला वाटलं टोमणा मारलात. मी चार दिवस रुसले होते, ते तुम्हाला कळलंही नसेल.

तुम्ही का लपवलंत ते मला कळतं. तेव्हा माझ्या शिष्यवृत्तीच्या मुलाखती चालू होत्या. मला सुगावा लागला असता तर मी गेले नसते, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. आई गेल्यापासून आपण दोघंच, मग तुम्हाला असं टाकून मी कशी निघाले असते? म्हणून तुम्ही माझ्यासमोर वर्षभर बघत असल्याचं नाटक केलंत. बोटांनी चाचपून सुई चालवलीत, पायऱ्या मोजून जिना उतरलात, मला निरोप देताना भलत्याच खिडकीकडे हात हलवत राहिलात. मी आतून ओरडत होते, बाबा, इकडे, इकडे! गाडी हलली तरी तुम्ही तिकडेच बघत होतात. मला तुमचा राग येतो. इतका येतो, की समोर असतात तर अबोला धरला असता. आणि इतकं प्रेम वाटतं, की तो संध्याकाळपर्यंतही टिकला नसता.

घाबरू नका, मी शिक्षण सोडून येत नाहीये. अहवाल गेला. बाईंनी जसं घडलं तसं सगळं लिहिलं, काही झाकलं नाही. पोस्टमनच्या कोटाचं नुकसानही लिहिलं. शेवटी लिहिलं, की हिचा हात दुर्मीळ आहे, आणि हात कुठे थांबवायचा ते ही आता शिकली आहे. दुसरं वर्ष मिळालं, बाबा. कालच कळलं, आणि फोनवर न सांगता इथे सांगते आहे. तुमच्या आवाजाशिवाय ही बातमी अर्धीच वाटते, पण तुम्ही आनंदाच्या भरात बाकीचं सगळं वाहून नेलं असतंत. तो खांदा आता पुन्हा विरलेला दिसतो. खाली आधाराचं कापड आहे, वर माझे टाके आहेत, आणि ते दिसतात. सुरुवातीला मला लाज वाटायची. आता वाटतं, की माझ्यानंतर कुणी तिथे हात लावेल, त्याला कळेल कुठे जपायचं ते.

डोळ्यांचा विषय मी फोनवर काढून बघितला. पहिल्यांदा गिऱ्हाईक आलं. मग दूध उतू गेलं. मग तुम्ही म्हणालात, मला इथून समोरच्या गच्चीवरचा कावळा दिसतो, आणि फोन ठेवून दिलात. माझ्या वर्गातल्या एकीची आई डोळ्यांची डॉक्टर आहे. त्यांना मी सगळं सांगितलं. न बघता नक्की सांगता येणार नाही म्हणाल्या, पण गर्द रंग एकमेकांत मिसळणं, उजेडाकडे सरकणं, सगळं धुरकट होत जाणं, हे बहुधा मोतीबिंदूचं लक्षण आहे. म्हणजे छोटं ऑपरेशन, आणि दिसायला लागतं. दुसरं काही असलं तर मात्र एकेक महिना महत्त्वाचा, असंही म्हणाल्या. ऐकलंत? तुम्ही ज्याला नशीब म्हणून गप्प बसलात, ते कदाचित एका सकाळचं काम आहे.

आता पत्र का, ते. मी घड्याळजी काकांना परस्पर फोन करू शकले असते. पण मग तुम्ही म्हणाला असतात, पोरीने माझी चहाडी केली, आणि आम्हा दोघांशी बोलणं टाकलं असतंत. फोन तुम्हाला ऐकू येतो, त्यामुळे फोनवर तुम्ही निभावून नेता. पत्र निभावता येत नाही. मी मुद्दाम बारीक अक्षरात, निळ्या शाईने लिहिलं आहे. हे तुम्हाला वाचता येणार नाही, बाबा, हे मला लिहिताना ठाऊक होतं. लिफाफा तुम्ही उशाशी ठेवला असेल. एखादा दिवस, कदाचित बरेच दिवस. त्यावरून हात फिरवला असेल. पण माझं पत्र न वाचता ठेवणं तुम्हाला जमायचं नाही, एवढ्या एका भरवशावर मी ते टाकलं. तेव्हा हे शब्द आत्ता तुमच्या कानावर पडत असतील तर याचा अर्थ, तुम्ही ते कुणाच्या तरी हातात दिलंत आणि म्हणालात, मला दिसत नाही, वाचून दाखव. सगळ्यात अवघड होतं ते हेच वाक्य, आणि ते तुम्ही बोलून गेलात. आता उरलं ते डॉक्टरांचं, ते सोपं आहे. काका, वाचणारे बहुतेक तुम्हीच आहात. आवाज चिरकला असेल तर पाणी प्या, मग एवढं करा. पत्र घडी घालून ठेवा, दोन्ही दुकानांची दारं ओढून घ्या आणि त्यांचा हात धरा. ते म्हणतील, उद्या जाऊ. ते हात झटकतील. सोडू नका.

तुमचीच,
चिंधी